घानाचं जाळं आणि माझा घसा

...नाही, पण मला एक सांगा, संगीताच्या मास्तरानं एका वर्षात किती देशांत गायचं? तुम्हाला सांगतो, बायकोची, अंजलीची, नोकरी बेंगळुरात, इंदिरानगरला, म्हणून पुणं सोडून आलो, राजाजीनगरच्या एका शाळेत पेटी घेऊन बसलो, म्हटलं सारेगम शिकवू, पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी, संपलं! तर आमच्या मुख्याध्यापिका शिल्पाश्री मॅडम म्हणाल्या, "शुभंकर सर, धिस इयर, साँग्ज ऑफ द वर्ल्ड!" जपानची अंगाई, आल्प्सच्या गुराख्यांचं योडेलिंग, मंगोलियाचं घशातलं गाणं, घानाचे कोळी जाळं ओढताना म्हणतात ते... आणि शिकवायचं कुणी? तर मी!

सहावीची अडतीस पोरं. अंगाईला दोघं खरंच झोपली! योडेलिंग सुरू केलं तर शेजारच्या वर्गातून गणिताचे वादिराज सर धावत, "कोई गिर गया क्या?" म्हटलं, नाही हो, गाई बोलावतोय. "तो स्वल्प धीरे बुलाइए ना, मेरा फ्रॅक्शन चल रहा है!" आणि ते मंगोलियाचं! एकाच गळ्यातून दोन स्वर! घरी सराव करत होतो तर अंजली आतून ओरडली, "अरे, मिक्सर बंद कर!" वर्गात तो निहार म्हणतो, "सर, वन्स मोर!" एकदा नाही, सोळा वेळा! आणि परत परत करायचं कुणी? तर मी!

व्हायचं तेच झालं. कार्यक्रमाच्या सकाळी तोंड उघडलं... नुसती हवा! अंगाई, योडेलिंग, मंगोलिया, पोरांनी आपापलं निभावलं. पण घानाच्या गाण्यात एकानं हाक घालायची, बाकीच्यांनी ओ द्यायची. हाक घालायची कुणी? तर मी! आणि मुग्धा नावाची एक मुलगी, जूनपासून वर्गात चकार शब्द न बोललेली, फक्त याच गाण्यात मोठ्यानं ओ द्यायला लागली होती हो! ती विंगेत डोळे भरून विचारते, "सर, आता आपलं गाणं नाही?" काय सांगू तिला? आणि कशानं सांगू?

तेवढ्यात आमच्या शाळेच्या आया, तानूबाई, पदर खोचत पुढं आल्या. तीन पिढ्या बेंगळुरात, मराठी बोलतात पण मधेमधे कन्नड पेरत. "सरी, बरं, तुम्ही बसा. मी घालते हाक. चार महिने दारात उभी राहून ऐकलंय की!" मी खुणा करतोय, अहो, ते घानाचं आहे! तर म्हणतात, "असू द्या. जाळंच ओढायचंय नव्हं? ओढू!"

आणि काय आवाज हो! पहिल्या हाकेला मागच्या रांगा ताठ बसल्या. दुसरी हाक उत्तम. तिसरीला शब्द विसरल्या... तर बाईंनी त्याच चालीत, त्याच ठेक्यात म्हटलं, "ए निहाऽऽर, नीट उभा राऽऽह!" आणि अडतीस पोरांनी घानाच्या भाषेत अचूक ओ दिली! सगळ्यांत मोठा आवाज मुग्धाचा! हॉल उभा राहिला! मी विंगेत मटकन खाली बसलो, आणि तुम्हाला सांगतो, इतकं हलकं मला कितीतरी महिन्यांत वाटलं नव्हतं.

शिल्पाश्री मॅडम धावत आल्या, "सो ऑथेंटिक!" मागोमाग पालकांची झुंबड, सगळे तानूबाईंना घेरून उभे. एका आईनं वळून माझ्याकडे पाहिलं, हसली, म्हटलं चला, निदान एक तरी... तर तिनं माझ्या हातात फोन दिला.

"अण्णा, स्वल्प फोटो काढता का? जरा मागं सरका, तुमची सावली येतीये."

सरकलो.