चुन्याखालची अक्षरं

— नाही, ते खरंच आहे, तीस वर्षं ही भिंत पार्टीचीच होती, मी कुठे नाही म्हणते — पण ती बादली आधी खाली ठेव. चुना कालवून आणलायस, वाया जाईल, तेही कळतं मला. तरी ब्रश लावायचा नाही. नाव काय म्हणालास? सुगुणन. तालुक्याहून आलास म्हणजे तुला इथलं काही ठाऊक नसणार. आधी गोविंदन पेंटर यायचा. निवडणुकीची नुसती कुणकुण लागली की यायचा, पांढरा हात मारायचा, कोपऱ्यात पार्टीचं नाव आणि साल टाकून भिंत अडवून ठेवायचा — मग दुसऱ्या कुणाची बिशाद नाही हात लावायची. बस थांब्यासमोरची भिंत, होडीतून उतरणारा माणूससुद्धा हिच्यासमोरूनच जाणार. गोविंदन म्हणायचा, कार्त्यायनीचेच्ची, तुमच्या भिंतीवर नाव लिहिलं की अर्धी निवडणूक मारली. आणि नाव तरी काय, एकच. चात्तुक्कुट्टी माश. सहा निवडणुका, एकच नाव. तुलाही तेच लिहायला सांगितलंय ना? बघू तो कागद. — हो, तेच. मंत्रिपद सोडून दोन महिने झाले नाहीत, आणि परत उभे.

बस त्या पायरीवर. काळा चहा चालेल ना? दूध घेत नाही मी, एकटीला कशाला लागतं. — अम्मा म्हणालास का आत्ता? नको म्हणूस. चेच्ची म्हण, ताई म्हण, दुसरं काहीही म्हण. — तर माश. माश म्हणजे मास्तरच होते ते, मला दुसरीपर्यंत त्यांनीच शिकवलं. पुढे माझी शाळा सुटली, मी विडीच्या कारखान्यात बसले, एकतीस वर्षं विडी वळली. आमच्याकडे एक जण पेपर वाचायचा आणि बाकीच्यांनी वळायचं — त्याच्या वाटणीच्या विड्याही आम्हीच वळून द्यायचो, म्हणजे त्याची मजुरी बुडायला नको. तो वाचणारा म्हणजे आमचे हे, कुमारन. मी लग्न केलं ते त्या आवाजाशी म्हण ना. आणि त्या आवाजात रोज माशचं नाव, माश असं बोलले, माशनी तसं केलं. पेपरात आलं आणि ह्यांनी वाचलं, म्हणजे ते खरंच असणार, असं आमचं होतं. हे गेले तेव्हा पोरगा सात वर्षांचा. माश आमदार होते तेव्हा, चप्पल काढून चिता विझेपर्यंत तिथे उभे राहिले, फणसाखाली, हे इथेच, परसात ह्यांना अग्नी दिला तिथे. पोराचं प्रजोद हे नाव त्यांनीच ठेवलेलं, पहिला भाताचा घासही त्यांच्याच बोटाचा. अशा माणसाला तू काय म्हणशील? मी देव म्हणत नव्हते, पार्टीत देव म्हणत नाहीत. पण देवाला तरी मी कुठे इतकं मानलं.

प्रजोद औषधांचं शिकला. सरकारी औषधांच्या गोदामात लागला, इथून तासाभरावर. तीन वर्षांपूर्वी एक दिवस आला तो जेवलाच नाही. म्हणाला, अम्मा, तारीख उलटून गेलेली इंजेक्शनं येतायत, वर नवी तारीख चिकटवलेली, खोकेच्या खोके. मी म्हटलं, चुकून आली असतील, वर कळव. त्यानं कळवलं. लेखी कळवलं. माशच्या खात्यालाच — आरोग्य त्यांच्याकडेच होतं ना. उत्तर काय आलं, तर ह्यालाच घरी बसवलं. पेपरवाल्यांकडे गेला, कुणी छापेना. मग गावात सुरू झालं. चहाच्या दुकानात गेला की लोक बाक सोडून उठायचे. ज्यानं घास भरवला त्याच्यावरच उलटला, खाल्ल्या घरचे वासे मोजतो — हे सगळं मला ऐकू येईल अशा बेतानं बोलायचे. आणि मग एक दिवस सकाळी उठून बघते तर भिंतीवर ही एवढाली अक्षरं. फाटकाला लावून उरलेला काळा रंग होता, त्यानं लिहिलेलं. 'माश, जुन्या तारखेवर नवी तारीख कुणी चिकटवली?' — एवढंच. शिवी नाही, काही नाही. अक्षर सुरेख होतं हं त्याचं. माशनीच गिरवून घेतलेलं लहानपणी.

पुसलं. मीच पुसलं, दुसरं कोण पुसणार? पहिली बस यायच्या आत. गोविंदननं ठेवलेला चुना होता, तो कालवला आणि ह्या हातांनी फासला. प्रजोद तिथे पायरीवर, तू बसलायस तिथेच, बसून बघत होता. अडवलं नाही त्यानं. मला वाटलं होतं अडवेल. — त्याच दुपारी माश आले. गाडी लांब उभी करून चालत आले, ह्याच ओट्यावर बसले, काळा चहा घेतला. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, कार्त्यायनी, तुला मी अक्षरं शिकवली, तुझ्यापाशी मी खोटं बोलेन का? मला यातलं काही ठाऊक नाही, तुझ्या पोराला कुणीतरी भरवलंय. त्यांचे डोळे भरले होते. मी पाहिलं ना. आणि पुढच्या रविवारी सभा ठेवली, देवळाच्या मैदानात. मला स्टेजवर घेतलं. मी जन्मात माइक धरला नव्हता. मी म्हटलं — माझा मुलगा खोटं बोलतोय.

झालं. आईच म्हणते म्हटल्यावर कोण काय बोलणार. त्या रात्री त्यानं आदळआपट केली नाही, भांडला नाही, भांडी घासून ठेवली आणि सकाळी पिशवी घेऊन निघाला. मंगळूरला कुठल्याशा औषधाच्या दुकानात आहे म्हणतात. दोन महिन्यांनी रेशनचं कार्ड घेऊन दुकानात गेले, तर दुकानदार म्हणाला, चेच्ची, आता तुम्ही एकट्याच ह्याच्यावर. त्यानं नाव काढून घेतलं होतं. मी ते कार्ड तिथेच उघडून बघत उभी, आणि मागची रांग बघतेय माझ्याकडे. तांदूळ घेतला आणि आले. काय करायचं, आपलेच दात आपलेच ओठ.

आता त्या औषधांच्या चौकशीचा अहवाल आलाय. तू वाचलास? छापून आलाय सगळा. मी वाचला, दोन दिवस लागले, चष्मा लावून एक एक ओळ. चौकशीवाल्यांनी गोदामाची फाइल काढली. प्रजोदचा अर्ज आहे त्यात. आणि त्याच्यावर माशची सही, 'पाहिले' असं लिहून, खाली तारीख. चौदा फेब्रुवारी. ते ह्या ओट्यावर आले तो दिवस होता सात एप्रिल, माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण आहे, मी ते कॅलेंडर टाकलेलंच नाही — माश घरी आले म्हणून खूण केलेली. म्हणजे बघ. पावणेदोन महिने त्यांना ठाऊक होतं. माझ्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा ठाऊक होतं. चहा पिताना ठाऊक होतं. आणखी गूळ मागून घेतला रे त्यांनी. कुंपणच शेत खात होतं हे तर पेपरात सगळ्यांनीच लिहिलंय, त्याचं मला एवढं नाही. पण तो गूळ माझ्या डोक्यातून जात नाही.

— सगळे पुढारी तसलेच असतात? असं तू म्हणतोस, होडीवाला म्हणतो, मासळीवाली म्हणते. परवापर्यंत जे माशसाठी गळे काढत होते ते सगळे आता म्हणतात, सगळे तसलेच, आपण कुणाकुणावर विश्वास ठेवायचा. मला नाही तसं म्हणता येत. सगळेच तसले म्हटलं की मी सुटते ना त्यातून, मग माझी काही चूकच उरत नाही. पलीकडच्या सौदामिनीची सून बाळंत झाली आणि आठव्या दिवशी ताप येऊन गेली. इंजेक्शनं चालू होती, उतार पडेना. सभेनंतर सात महिन्यांनी. त्याच इंजेक्शनांनी असं कुणी सिद्ध केलेलं नाही, अहवालातही तिचं नाव नाही. पण गोदामातून माल तर येतच होता. सौदामिनी अजून मला फणसाचे गरे आणून देते. नातीला कडेवर घेऊन येते. मला कुणाकडे बघावं कळत नाही.

मी अडाणी बाई, मला औषधांतलं काय कळणार — असं मी स्वतःला सांगत असते. कळलं नाही म्हणून झालं. त्या चिठ्ठ्याही अशा बेमालूम चिकटवलेल्या, नुसतं बघून ओळखू यायचं नाही, कडेला नख घालून उचललं की मग अख्खी सुटून येते आणि खाली जुनी तारीख — काय? — मला कसं माहीत?

— अहवालात असेल. — नाही. अहवालात नाही.

प्रजोद त्या इंजेक्शनांतली एक बाटली घेऊन आला होता घरी. जेवला नाही म्हटलं ना, त्याच दिवशी. ताटाशेजारी ठेवली आणि म्हणाला, अम्मा, तूच बघ. हे नख बघितलंस अंगठ्याचं? विडीचं तोंड दुमडून दुमडून असं झालंय, पत्र्यासारखं. माझ्याच नखानं मी ती चिठ्ठी सोडवली. खाली दीड वर्षापूर्वीची तारीख. हातच्या काकणाला आरसा कशाला, मी वाचली ती, मोठ्यानं वाचली. आणि मग ती चिठ्ठी परत दाबून बसवली, चुलीच्या उबेनं चिकटते का बघितलं. तो म्हणाला, अम्मा, हे काय करतेस? मला ठाऊक नव्हतं मी काय करतेय. म्हणजे स्टेजवर चढले तेव्हा मला माहीत होतं. माश बोलत होते तेव्हाही माहीत होतं. मी डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं — कारण माश खोटे ठरले तर मग आमचे हे खोटे, त्यांनी वाचलेलं सगळं खोटं, फणसाखाली उभा होता तो माणूस कोण? पोरगा काय, पोरगा परत येईल असं वाटलं. पोरं येतात ना परत? — हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. तुला का सांगितलं कोण जाणे. तू परका आहेस म्हणून असेल.

चहा निवला तुझा. राहू दे. तुला भिंत का देत नाही ते सांगत होते. अहवाल आला त्याच्या दुसऱ्या दिवशी कुणीतरी भिंतीवर शेण मारलं, कडेला माशचं जुनं नाव अजून पुसट दिसत होतं ना, त्यावर. म्हटलं धुऊन टाकावं. बादलीभर पाणी मारलं, शेण गेलं, आणि चुना भिजला. तू पेंटर आहेस, तुला ठाऊक असेल — पातळ झालेला चुना भिजला की खालचं दिसतं. आतून ती अक्षरं वर आली. प्रजोदची. वळण, कानामात्रा, सगळं. मी तिथेच खाली बसले. वाळलं तसं परत आत गेलं. तेव्हापासून रोज सकाळी एक बादली मारते. लोकांना वाटतं म्हातारीला स्वच्छतेचं वेड लागलंय. त्याच्यावर आता तू नवा हात मारलास की मग कितीही पाणी ओत, काही दिसायचं नाही. एवढंच कारण आहे. पार्टीला सांग, म्हातारी भिंत देत नाही. रागावून नाही सांगायचं, नुसतं सांग.

आणि एक काम कर माझं. हा फोन घे. सात दिवस झाले, एकटीला जमत नाही — बादली ओतून हात पुसून फोन उघडेपर्यंत ह्या उन्हात अर्धं वाळतं. मी पाणी मारते, तू फोटो काढ. मागे हो जरा, पूर्ण वाक्य आलं पाहिजे. थांब. — हं. आलं? बघ, बघ कसं येतंय वर. 'माश' आलं. 'तारीख' आलं. काढ. अजून एक काढ. — मी? नाही, मी नको त्यात. — बरं, उभी राहते कडेला. म्हणजे त्याला कळेल पाणी कुणी मारलं ते.

आता पाठव. प्रजोद म्हणूनच आहे नाव, नंबर त्याच्या मित्राकडून मागून घेतला. तीन वर्षांत मी काही पाठवलेलं नाही, काय तोंडानं पाठवणार. खाली काही लिहू नकोस. तो ओळखेल. — गेला? एकच खूण आली. वाचनालयातली बाई सांगत होती, दोन आल्या की पोचलं समजायचं. थांबू या जरा. इथे रेंजचं असंच असतं. तुझ्या फोनला आहे का? — पूर्ण आहे? — आणि त्याचा फोटो कुठे दिसत नाही तो, वरती गोलात असतो ना? सगळ्यांचा असतो. सौदामिनीचा आहे बघ. ह्याचाच नुसता करडा. — असं दिसलं म्हणजे काय असतं, सुगुणन? — तुला माहीत असेल ना. बोल की.

— बरं. नको सांगूस. रेशनच्या दुकानातही असंच कळलं होतं.

भिंत वाळली बघ. ग्लास तिथेच राहू दे, मी विसळीन. बादली नीट धर, चुना सांडेल. जा तू, तुझी बस आली.