मानेतली नळी

बायको जानकी गेली त्या सकाळी चंद्रप्रकाश मुलुंडच्या हॉस्पिटलात कागदांसाठी थांबला होता. बाकावर शेजारी दोन बहिणी बोलत होत्या.

"श्रुतिका सिस्टर जाम खडूस आहे गं. मामा आईच्या मानेला अंगारा लावत होता, तर हातच धरला त्याचा."

"नळीजवळ लावत होता? अगं, ती थेट हृदयापाशी जाते. जंतू गेले तर वाट लागेल."

"तेच म्हणाली. कपाळाला लावा, देव समजून घेईल."

"मग?"

"मग हात धुऊन, ग्लोव्हज घालून पट्टी बदलली. केस नळीवर येऊ नयेत म्हणून दुसऱ्या बाजूला वेणीसुद्धा घातली."

"आणि हिला खडूस म्हणतेस?"

"आहेच. पण तिची सुट्टी असली की मला झोप लागत नाही."

जानकीची वेणीही श्रुतिका सिस्टरच घालायची. दुपारी ती ड्युटीवर येणार होती. जानकी गेल्याचं तिला सांगायचं राहिलं होतं.