बारा किलोची बालवाडी

चौऱ्याऐंशीत मी वर्सोव्याच्या बालवाडीत नवी बाई होते, आणि माझा शहाणपणा तर विचारूच नका! वजनाच्या दिवशी ओळीने सगळी मुलं बारा किलो भरत होती आणि मी ओळीने सगळ्या आयांना झापत होते, “पोरांना खायला घाला ना!”

मासळीवाल्या पारूमावशीची नात काट्याला लटकली. “गेल्या महिन्यातही बाराच!” मी डाफरले.

मावशीने नातीला कडेवर घेतलं. “किलोभर वाढलीय गो. रोज जवळा-भाकरी खाते.”

“मग काटा खोटं बोलतो का?”

तिने माशांची भरलेली पाटी काट्याला टांगली. बारा किलो! खाऱ्या हवेने काटा गंजून अडकला होता.

“आता माशांच्या आयशीला पण झाप,” मावशी म्हणाली.

नव्या काट्यावर नात तेरा भरली. मावशीने तिकडे बघितलंही नाही. माझं मनगट चाचपून म्हणाली, “हिचं झालं. आता तू जेवायला ये.”