बाई, तुम्ही समोरच्या लाल छपरात जा

—नाही नाही बाई, 'आलोच' म्हणजे लगेच नाही! उगाच उभ्या राहिलात, टेका त्या खोक्यावर. एलफोर्ड काका जाताना काय म्हणाला, 'आलोच' म्हणाला ना? 'येतो थोड्या वेळानं' म्हणाला असता तर अर्ध्या तासात आला असता, 'पाच मिनिटांत' म्हणाला असता तर तासाभरात, पण आमच्या या स्पेसाइड गावात माणूस 'आलोच' म्हणून गेला की घरचे त्याचं ताट झाकून ठेवतात. कुठे गेला? बोकडाला पोहायला घेऊन गेलाय. हसू नका, शर्यतीचा बोकड आहे, ईस्टरच्या शर्यती तोंडावर आल्यात, रोज सकाळी समुद्रात दोन फेऱ्या — काका गळ्याएवढ्या पाण्यात उभा राहून त्याला हाका मारतो आणि तो ढुंकून बघत नाही. दोघांच्या कानांची तऱ्हा एकच. म्हणजे — काकाच्या कानाचं मी बोलणार नव्हते. ते जाऊ दे. ती यादी द्या बघू इकडे.

'डायव्हिंगची कंपनी कशी निवडावी.' अकरा प्रश्न! इंटरनेटवरून हातानं उतरवून घेतलेत? समास सोडून? आणि हे लाल पेन — शिक्षिका होता ना हो तुम्ही? वाटलंच मला! चाळीस वर्षं, रॉटरडॅमला? बघा, म्हणूनच माझ्या तोंडून पहिल्यापासून 'बाई' येतंय, शिक्षिकेला नावानं हाक मारली तर आमच्याकडे जीभ झडते. आणि दारातून आत आल्या आल्या तुम्ही आधी 'गुड मॉर्निंग' म्हणालात, मग पुढचं विचारलंत. जे नुसतं 'किती पैसे' म्हणत घुसतात ना, त्यांना मी काहीही थाप मारून वाटेला लावते — पण गुड मॉर्निंग म्हणणाऱ्या माणसाशी खोटं कसं बोलू? तर अगदी मनापासून सांगते. समोर जा. ते लाल छप्पर दिसतंय ना धक्क्यापलीकडे, रॉलच्या डायव्हिंगच्या दुकानाचं, तिथे जा. काकानं मला बजावलंय की या बाई आज आपल्याच बोटीतून पाण्यात उतरल्या पाहिजेत, नाही तर शुक्रवारी बोट रॉलला देऊन टाकणार आणि दुकानाला कुलूप — अय्यो, हे तुम्हाला सांगायचं नव्हतं! तुम्ही ऐकलंच नाही असं धरा. शुक्रवारचं शुक्रवारी बघू. तुम्ही समोर जा.

आईशप्पथ! — काही नाही, काही नाही, छपरावर पेलिकन बसला. रोज याच वेळी बसतो. रोज मी उडते.

हां, तर रॉल. रॉलकडे दोन बोटी, दोन्हींवर सावली, एकीवर संडास, वर आलात की हातात अननसाच्या फोडी, मीठ-मिरची लावून. आमच्याकडे काय? एक बोट. सावलीला माझी छत्री. बोट चालवायला लिओपोल्ड, तो काय तिथे दोर गुंडाळतोय — पासष्ट वर्षांचा आहे, बोलत नाही. गेल्या मंगळवारी 'हं' म्हणाला होता. आता तुमचे प्रश्न घेऊ, म्हणजे तुमचं तुम्हालाच पटेल. पहिला — 'एका गाइडमागे किती माणसं?' रॉलकडे आठ. कधी दहा. मोठं जहाज लागलं की बारा... सोबत होते हो, वाईट काय त्यात! आमच्याकडे? आज? एक. तुम्ही. — अहो, बरोबरची खूण काय करताय? मी आमची कमी बाजू सांगतेय! दुसरा — 'बोटीवर प्राणवायूची वेगळी पेटी आहे का?' आहे. ही. रोज सकाळी तपासते मी. संध्याकाळीही. कधी दुपारी जेवता जेवता वाटलं की पुन्हा एकदा. ती काही शिस्त नव्हे बाई, भीती आहे निव्वळ — खूण नको! तिसरा, 'सिलिंडरात भरलेली हवा शुद्ध असते का, गाळणी कधी बदलली?' ती वही तुमच्या कोपराखालीच आहे. हो, माझंच अक्षर. तारीख, वेळ, बदलून झाल्यावर वास कसा आला. 'वास: नाही. वास: नाही. वास: लिओपोल्डच्या माशाचा, हवेचा नाही.' आता यात हसण्यासारखं काय आहे? चौथा — 'तुमचं कार्ड मागतात का, तब्येतीचं विचारतात का?' रॉल नाही हो त्रास देत, सही घेतो की झालं. आणि मी मघाशी काय केलं? शेवटची डायव्ह कधी, रक्तदाबाची गोळी कोणती, कान ठणकतात का, सकाळी काय खाल्लंत — अहो, ते कुतूहल होतं! आमच्या गावात सगळे सगळ्यांना विचारतात! त्याला तपासणी म्हणत नाहीत, त्याला भोचकपणा म्हणतात! तरी खूण?

बरं, जागेचं बघू. पाण्याखालच्या त्या खिंडीत जायचंय म्हणता? सगळ्यांना खिंडच हवी असते, घरी जाऊन सांगायला नाव जोरदार. तिथे ओढ इतकी असते की बघायला काही उरतच नाही, मासा दिसला म्हणेपर्यंत तुम्ही पुढच्या गावात. रॉल सगळ्यांना तिथेच नेतो, वीस मिनिटांत उरकतं. मला विचाराल तर... पण मला कशाला विचारताय? — बरं, विचारलंतच तर त्या समोरच्या बेटामागे एक जागा आहे, काका तिला 'स्वयंपाकघर' म्हणतो. बाहेरून काही नाही, साधा उतार. पण खाली गेलं की आवाज येतो. पाण्याखाली, हो! कर्रर्र, कर्रर्र — दहा बायका बसून एकदम नारळ खवताहेत असा. पोपटासारख्या चोचीचे निळे-हिरवे मासे पोवळं कुरतडत असतात, त्याचा तो आवाज. मग डावीकडे वळायचं, घाई नाही करायची, ओढ हलकी असते, ती नेते आपल्याला, आपण नुसतं हात बांधून तरंगायचं — आणि पुढे ते मेंदूसारखं पोवळं येतं, मिनिबसएवढं, त्याच्या कडेला एक म्हातारा झिंगा राहतो, मी गेले की मिश्या बाहेर काढतो. आता काढतो की नाही कोण जाणे. पाच महिने झाले. मार्चमध्ये पाणी असं असतं ना बाई, की वरून खालची वाळू मोजता येईल. पुढे पावसाळ्यात व्हेनेझुएलाच्या नदीचं हिरवं पाणी येतं, मग गेलं सगळं. म्हणून आत्ताच... म्हणजे तुम्ही रॉलला सांगा तिकडे न्यायला. नाही नेणार तो. सांगून बघा.

काय? 'आम्हाला खाली कोण नेणार?' हा कितवा प्रश्न? सातवा. मधले दोन गाळलेत तुम्ही! शिक्षिका असून!

काका नाही नेणार. त्याच्या कानाच्या पडद्याला भोक आहे, डॉक्टरांनी डिसेंबरात खाली जायला बंदी केली. म्हणून तर मुद्दाम 'आलोच' म्हणून पळालाय — या आठवड्यात आलेल्या तुम्ही चौथ्या. आधीच्या तिघांना मी समोर धाडलं, हे त्याला कळलं. त्यातल्या एकाला मी सांगितलं आमच्या बोटीला वाळवी लागलीय. फायबरची बोट आहे! तर मग कोण उरलं? लिओपोल्डला पोहता येत नाही. ते भिंतीवरचं प्रमाणपत्र बघा. नाव वाचा. केतुरा मेलविल. हो, फोटोत डोळे मिटलेत, फ्लॅशला दचकले होते. ती मीच. सेंट ऑगस्टिनच्या विद्यापीठातून समुद्रजीवशास्त्राची पदवी, गाइडची परीक्षा पहिल्या फटक्यात, आणि ऑक्टोबरपासून मी ओल्या पायानं घरी गेले असेन तर फक्त अंगणात सांडलेल्या पाण्यानं.

का म्हणजे? गावात कोणालाही विचारा, करून दाखवतील. नको, माझ्याकडूनच ऐका, मीठमसाला कमी असेल. त्या दिवशी माझ्याबरोबर चार पाहुणे, स्वयंपाकघरातच, अठरा मीटरवर. सगळं मजेत. आणि कडेवरून रॉलचा गाइड आला, अँडेल, मागे त्याचे सात जण. आता आमच्याकडे रस्त्यात माणूस भेटला की तो मूठ पुढे करतो, आपण आपली मूठ टेकवायची, झाली विचारपूस, हो ना? त्यानं केली मूठ पुढे. पण पाण्याखाली मूठ म्हणजे काय? तुमच्याही कोर्सात शिकवलं असेल — 'माझी हवा संपत आली!' झालं. मी दचकले. आणि मी दचकले की बाई, माझे हात माझं ऐकत नाहीत, पुस्तकाचं ऐकतात. त्याच्या तोंडातली नळी काढली, माझी जादाची नळी त्याच्या तोंडात कोंबली, जॅकेटचा पट्टा घट्ट धरला आणि निघाले त्याला घेऊन वर! तो डोळे मोठ्ठे करून मान हलवतोय — मला वाटलं, बिचारा घाबरला. सावकाश हो, अगदी नियमानं, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबले पण. खाली बघते तर माझे चार, त्याचे सात, अकरा जण ओळीनं मागून येताहेत, शाळेच्या सहलीसारखे. वर आलो. त्याच्या सिलिंडरचा काटा बघितला. पाऊण भरलेला! तो म्हणतो, 'केतुरा, मी फक्त हॅलो म्हणत होतो.'

तेव्हापासून या गावात कोणी मला सरळ भेटलेलं नाही. बसचा ड्रायव्हर मूठ दाखवून गाल फुगवतो. पाववाली गळा धरून जीभ बाहेर काढते. पाद्री, बाई, पाद्रीसुद्धा — चर्चच्या दारात, सगळ्यांचा हात हातात घेत होते, माझ्यापाशी येऊन मूठ! अँडेल तेवढा हसत नाही. तो येतो, काकाला अननस देतो, इकडे बघतो आणि जातो. ती तीन मिनिटं थांबलो होतो ना आम्ही पाच मीटरवर, तेव्हा त्यानं माझा हात... मान तर नाही नाही म्हणून हलवत होता, पण हात काही सोडवून घेतला नाही. ते तुमच्या अकरा प्रश्नांत बसत नाही. पुसा ते डोक्यातून.

काय लिहिताय? बघू. आठवा — 'अडचण आली तर गाइड नेमकं काय करतो?' त्याच्यापुढे बरोबर? दोन वेळा? अहो बाई, अडचण नव्हतीच! तेच तर सांगतेय मी मघापासून! त्याला काही झालं नव्हतं! — हो, झालं असतं तर... झालं असतं तर वाचला असता. अगदी नियमानं वाचला असता. तीन मिनिटं थांबून. असं कोणी म्हणालं नाही मला अजून.

तो बघा आवाज, रॉलची बोट निघाली! धावा, हात करा — गेली. तेरा डोकी. खिंडीकडेच वळली. आता समोर कोणी नाही तुम्हाला न्यायला. तुम्ही मुद्दाम वेळ काढलात ना? आणि हे फिन्स कुठे घेऊन चाललात? लिओपोल्ड! इंजिन चालू करू नकोस! लिओपोल्ड, मी अजून हो म्हटलेलं नाही! — 'हं' म्हणाला. ऐकलंत? या आठवड्यातलं खर्चून टाकलं त्यानं.

थांबा, तो पट्टा तसा नाही, पीळ पडलाय. वळा. हां. काटा दाखवा. दोनशे. पुन्हा दाखवा. आता इथून श्वास घ्या, दोनदा, वास? नाही ना? सांभाळून पाय टाका, कठड्याला धरा, खालची फळी निसरडी असते. छत्री राहिली. राहू दे. बसा मधोमध. काका तिथे टेकडीवर उभा आहे बघा, बोकडाला घेऊन, झाडामागे लपलाय, बोकडाची शिंगं बाहेर आहेत. मी नाही हात करणार. तुम्हीही करू नका, शेफारेल.

ऐका आता, नीट. चाळीस मिनिटं, अठरा मीटरच्या खाली नाही. तुम्ही माझ्या उजव्या खांद्याशी. शंभर उरलं की मला दाखवायचं, पन्नास उरेपर्यंत वाट बघायची नाही. कान दुखला की थांबायचं, लाजायचं नाही. काहीही झालं तर माझ्याकडे बघायचं — मी दचकलेली दिसले तरी बघायचं. माझे हात बघायचे, चेहरा नाही. कळलं? म्हणून दाखवा. — बरोबर. नाही, मी ओरडत नाहीये, इंजिनाचा आवाज आहे. इंजिन बंद झालं का? कधी?

हीच जागा. वाकून बघा खाली. निळं आहे ना हो? मला वाटलं होतं मी वाढवून सांगतेय. तो काळा ठिपका दिसतो का, तोच तो मिनिबसएवढा... अगंबाई, दिसतंय सगळं. कठड्यावर बसा, पाठ पाण्याकडे. डोळ्यांवरचा मास्क तळव्यानं दाबून धरा. मी तीन म्हणते, मग मागे झोकून द्यायचं, दोघींनी एकदम. आधी नळी तोंडात. तुमची घातलीत? मग मीही घालते. एकदा घातली की मला बोलता यायचं नाही, काही विचारायचं राहिलं असेल तर आत्ता — नाही? अकराच्या अकरा झाले? काय? हसायला म्हणून नळी काढू नका हो, पाणी जाईल! पुन्हा घाला. हं. लिओपोल्ड, शिडी सोडून ठेव. तर — एक. बाई, खाली गेल्यावर तो झिंगा जर — नाही, काही नाही. दोन. आता खरंच घालते हं तोंडात, ही घात—