दहा सेंटिमीटरचा चौकोन

…नाही, पण मला एक सांगा, नवं कापड धुवायचं नाही असं कुणी सांगितलं होतं का? बावीस देशांचं मंडळ. त्याला अध्यक्ष, उपाध्यक्ष, चिटणीस, दर दोन वर्षांनी अधिवेशन, दर तीन महिन्यांनी पत्रिका, माणूस धावताना घोटा किती वळतो यावर भांडणारे मोठमोठे डॉक्टर… आणि एवढ्या सगळ्यांत एकालाही वाटलं नाही, की सोलापूरला तार करतोय तर खाली एक ओळ घालावी, कापड धुवू नये म्हणून. तेवढी ओळ असती तर माझी गौरम्मा आज दिल्लीला असती. म्हणजे… नसती. तेच तर सांगायला बसले आहे.

तर गौरम्माच्या शाळेत पी.टी.ला धोंडीराम सर आहेत. भला माणूस, पण त्यांना एक वेड. परदेशातल्या त्या मंडळाचे ते सभासद, सबंध सोलापूर जिल्ह्यात एकटेच. आंतरराष्ट्रीय क्रीडा जीवयांत्रिकी मंडळ. पहिल्यांदा नाव ऐकलं तेव्हा मी दोनदा विचारलं, तरी तिसऱ्यांदा विसरले. सर म्हणाले, "शरणम्माबाई, सोपं आहे. माणूस पळतो, उडी मारतो, तेव्हा त्याची हाडं, सांधे कसे चालतात त्याचा अभ्यास. सिनेमा काढायचा आणि एकेक चित्र थांबवून मोजायचं." आमचे हे, गौरम्माचे आप्पा, अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात माग लावतात, दुरुस्त करतात. ते म्हणाले, "मग आमच्यासारखंच की सर. माग खोड्या करायला लागला की आमी बी थांबवूनच बघतो." सरांना केवढा आनंद झाला, म्हणाले, तुम्ही मंडळातच पाहिजे होता.

आता मला या मंडळाशी काय करायचं होतं? काही नाही. पण माझी मुलगी सतरा वर्षांची, अकरावीत, लांब उडीत जिल्ह्यात पहिली. चार मीटर ऐंशी सेंटिमीटर. आणि घरात आमच्या अत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, निंगव्वा. त्यांचे भाऊ मंद्रूपचे सिद्रामप्पा, सिद्रामप्पांचा नातू, नातवाचं शेत, शेतावर विहीर… रोज जेवताना ती विहीर निघायची. "अकरावी झाली की पोर मंद्रूपला द्यायची, माजा शब्द गेलाय." मुलगा वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण तुम्हाला सांगते, माझा अकरावीचा निकाल लागला ना, तेव्हा मी हळदीच्या हातानं पेपर धरला होता. पास झाले होते. पेपर पिवळा झाला, तो कुणीतरी पुरणाच्या पातेल्याखाली घातला. म्हणून मला वाटायचं, हिला दोन वर्षं मिळावीत. फार नाही, दोनच.

आणि मिळण्यासारखी होती हो. दिल्लीला खेळाडू मुलींचं शिबिर, दोन वर्षं राहणं, शिकणं, उड्या मारणं. तिथं निवड करायला मंडळाचेच एक सभासद बसलेले. मंडळानं शिफारस केली की काम झालं. आमच्या ह्यांनीही कबूल केलं, "दिल्लीचं पत्र आलं तर मी आईला सांगतो, दोन वर्षं थांब म्हणून. नाय आलं तर मंद्रूप." झालं. एका बाजूला दिल्ली, एका बाजूला विहीर.

मग सरांनी मंडळाला पत्रं लिहायला सुरुवात केली. किती लिहिली देव जाणे, शेवटी मंडळाच्या एक बाई, डॉक्टर ऑस्टबर्ग, वेगवेगळ्या देशांतल्या मुलींच्या उड्यांचा सिनेमा काढत फिरत होत्या, त्या म्हणाल्या, पुण्याहून येते, एक दिवस. आणि यायच्या सहा दिवस आधी त्यांची तार. त्यांचा मापाचा फळा, ज्याच्यासमोर उडी मारायची तो, मुंबईत बोटीवरून उतरवताना मोडला. तरी मागं लावायला पांढरा पडदा करून ठेवा, त्यावर काळ्या रेघांचे चौकोन, प्रत्येक चौकोन दहा सेंटिमीटर, चुकता कामा नये, कारण सगळं मोजमाप त्या चौकोनांवरून.

आता सोलापूरच्या माणसाला तुम्ही चौकटीचं कापड मागताय. दुसऱ्या गावात रंगानं रेघा मारल्या असत्या. आमचे हे म्हणाले, "रंगवायचं कशाला? विणूनच देतो की." सुट्टीच्या दिवशी मालकांना विचारून माग चालवला. काळा दोरा उभा, काळा दोरा आडवा, मध्ये पांढरं. मागावरून उतरलं की कापड थोडं आखडतं, तेवढंसुद्धा धरून विणलं. मागाच्या रुंदीचे सहा पन्ने शिवून जोडले. सरांनी शाळेची लोखंडी टेप आणून एकेक चौकोन मोजला. "दहा… दहा… दहा…" आणि ह्यांना म्हणाले, "शिवयोगी, अहो काय हात आहे तुमचा." कागदावर लिहून सही केली, शिक्का मारला आणि गेले.

आणि कापड राहिलं माझ्या घरात. नवं कोरं, खळीचा वास मारणारं, पुठ्ठ्यासारखं कडक, आणि बरोबर मधोमध मागाच्या तेलाचा हाताएवढा डाग. पाहुणी परदेशातून येणार, सिनेमा निघणार, बावीस देश बघणार, आणि माझ्या मुलीच्या मागं तेलाचा डाग? तुम्ही काय केलं असतं? मी चुलीवर हंडा चढवला, कढत पाणी, त्यात धुण्याचा सोडा, शेजारच्या मथुराबाईंना बोलावलं, दोघींनी मिळून आपटलं, पिळलं, गच्चीवर वाळवलं. काय शुभ्र निघालं. मऊ झालं. मथुराबाई म्हणाल्या, "आता बघा, पावण्यांपुढं ठेवण्यासारखं झालं." नवं कापड धुवायचं नाही, असं कुणी सांगितलं होतं का?

बरं, आटलं तर वेडंवाकडं आटावं की. कुठंतरी सुरकुती, कुठंतरी ओढ, म्हणजे कुणाच्या तरी लक्षात येईल. पण ह्यांचं विणकाम पडलं एकसारखं. उभं जेवढं आटलं तेवढंच आडवं. चौकोनाचा चौकोन राहिला. पडदा मैदानावर ताणला तेव्हा थोडा आखूड वाटला, पण मी म्हटलं बांबू उंच असतील.

बाई आल्या. उंच, उन्हानं लाल झालेल्या, सगळ्यांना नमस्कार करत होत्या, पाणी देणाऱ्या शिपायालासुद्धा. गौरम्माच्या घोट्याला, गुडघ्याला, कमरेला, खांद्याला, दोन्ही बाजूंना, काळ्या गोल टिकल्या चिकटवल्या, सिनेमात सांधा कळावा म्हणून. अत्ती मैदानाच्या कडेला बसलेल्या. आधी त्यांचा राग हाफपँटीवर होता, पण टिकल्या बघितल्या आणि मला म्हणाल्या, "बघ शरणू, गोरी हाय पण दृष्टीचं कळतंय तिला. एक सोडून आठ लावल्या की." मी म्हटलं, हो. काय सांगणार?

यंत्र खर्रर्र करत होतं आणि पोर उडत होती. वीसदा उडी मारली. टेपनं मोजलं तर तेच, चार पंच्याहत्तर, चार ऐंशी, चार अठ्ठ्याहत्तर. बाई गेल्या.

दीड महिन्यानं पत्र. धोंडीराम सर सायकल हातात धरून पळत आले, म्हणजे घाईत बसायचंच विसरले. मंडळाच्या समितीनं एकेक चित्र मोजलं होतं, आणि सगळे चक्रावले होते. "शरणम्माबाई, ऐका. ते म्हणतात, ही मुलगी ज्या वेगानं जमीन सोडते, त्या वेगानं ती साडेपाच मीटर जायला पाहिजे. साडेपाच. मग चार ऐंशीच का जाते? म्हणजे तंत्रात कुठंतरी दोष आहे, आणि तो शिबिरात काढता येईल. तिच्यात आहे, ते फक्त बाहेर काढायचंय." शिफारस तयार होती. दिल्लीहून तारीख कळायची बाकी होती.

तुम्हाला सांगते, मी त्या दिवशी शेंगाचटणी कुटताना गात होते. मला गाता येत नाही. ह्यांनी अत्तींना सांगितलं, अत्ती दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, तेही मला गोड वाटलं.

आणि शाळेतून पडदा आला परत. म्हटलं, एवढं चांगलं कापड, उसवून पांघरुणं करावीत. उसवलं, अंथरलं. आता ह्यांनी विणलं तेव्हा शेवटी एक पट्टी उरली होती, ती धुतली नव्हती, गौरम्मानं भूगोलाच्या पुस्तकाला कव्हर घातलं होतं. पुस्तक तिथंच पडलेलं, कव्हर सुटून त्या कापडालगत पसरलेलं. मी सहज बघितलं. पहिला चौकोन… थोडं पुढंमागं. दुसरा… जास्त. पाचव्या चौकोनाशी दोन बोटांचा फरक. मी तशीच बसले. दूध उतू गेलं, वास आला, तरी बसले. ह्यांनी संध्याकाळी टेप लावली. दहाचा चौकोन, नऊ पूर्णांक तीन.

टेप गुंडाळत हे म्हणाले, "कुणाला बोलू नको. बावीस देशांत कोण बघतंय? पोर दिल्लीला जाऊ दे."

मी चार दिवस बोलले नाही. खोटं तर नव्हतं ना बोलत, नुसती गप्प होते. पण गौरम्मा काय करायची, रोज शाळा सुटली की मैदानावर. साडेपाच मीटरवर एक वीट ठेवायची आणि तिकडं बघून उडी मारायची. अंधार पडला की गुडघे सोलून घरी. चौथ्या दिवशी न्हाणीत पाय धूत होती, मला म्हणाली, "अव्वा, त्या म्हणतात माझ्यात आहे. मग येत का नाही गं? मी आळशी आहे का?" तुम्हीच सांगा, काय करायचं आईनं? एवढ्या कष्टाच्या पोरीला मी माझ्या हंडाभर पाण्यामुळं आळशी ठरू देऊ? आणि उद्या दिल्लीत तिला कुणीतरी रोज म्हणेल, तुझ्यात आहे, काढ बाहेर. नसलेलं कुठून काढेल ती?

गेले सरांकडं. पट्टी आणि पन्ना दोन्ही घेऊन. त्यांनी मोजलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा मोजलं. मग एकच विचारलं, "कढत पाण्यात?" मी म्हटलं, "हो. सोडा घालून." ते म्हणाले, "डाग निघाला?" मी म्हटलं, "निघाला." ते म्हणाले, "चांगलं झालं." आणि खिडकीबाहेर बघत बसले. नवं कापड धुवायचं नाही, असं त्यांनी तरी कुठं सांगितलं होतं? ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

त्यांनी खरं ते कळवलं. आणि मंडळाला आनंद झाला हो. मोजमापातली चूक इतकी नीट सापडलेली पहिल्यांदाच म्हणे. पत्रिकेत सरांचा लेख छापून आला, 'कापडी पडदा वापरताना घ्यायची काळजी'. पुढच्या अधिवेशनात तो वाचणार आहेत. त्यात माझाही उल्लेख आहे. 'स्थानिक धुलाईमुळे' असा. मी, शरणम्मा, अकरावी पास, बावीस देशांत स्थानिक धुलाई म्हणून गेले.

आणि गौरम्माचं वेगळं पत्र. त्यांनी नवीन मापानं सगळं पुन्हा मोजलं. ही मुलगी ज्या वेगानं जमीन सोडते, त्या वेगानं चार मीटर ऐंशीच जायला पाहिजे, आणि तेवढीच जाते. वाया काही जात नाही. तंत्रात कुठलाही दोष आढळला नाही. आणि शिबिर तर, दोष काढून सुधारता येतील अशा मुलींसाठी असल्यामुळं, शिफारस मागं घेत आहोत. म्हणजे बघा, पोरीत काही खोट नाही म्हणून तिला घेतलं नाही. मी गौरम्माला वाचून दाखवलं. तिनं ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे मी आळशी नव्हते." एवढंच. दुसऱ्या दिवसापासून मैदानावर गेली नाही.

परवा मंद्रूपची मंडळी आली. सिद्रामप्पा, त्यांची सून, दोन बायका. चहा झाला, आणि अत्तींनी भिंतीतल्या देवळीतून ते पत्र काढलं, सरांनी मराठीत लिहून शाळेचा शिक्का मारून दिलेलं. सिद्रामप्पा म्हणाले, "पोर शिकलीया न्हवं? तिलाच वाचू द्या की." गौरम्मानं वाचलं. आवाज हलला नाही तिचा. 'कुठलाही दोष आढळला नाही' इथवर आली तशी सिद्रामप्पांनी हात वर केला. "थांब बाळ. किती देस म्हणालीस?"

"बावीस," गौरम्मा म्हणाली.

"बावीस देसांनी सांदा न् सांदा मोजून लिवून दिलंय, तर आमी आनि काय बगायचं? निंगव्वा, साखरपुड्याचा दिस धरा."

अत्तींनी साखर वाटली. ह्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, मी ह्यांच्याकडं. आता मुलगी बघायला आले की कसं असतं, तुम्हाला माहीत आहे. चार पावलं चालून दाखव म्हणतात, पाय बघायला. मलाही चालायला लावलं होतं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, दोनदा. गौरम्माला कुणी उठसुद्धा म्हणालं नाही. मंडळानं तिच्यासाठी एवढं मात्र केलं.