टाकीचे बोल्ट

बोल्ट मिळाले की काकूंचं जेवणाचं टेबल मोकळं होणार होतं. काकांच्या जुन्या मोटारसायकलची पेट्रोलची टाकी त्यावर वर्षभर ठाण मांडून होती. म्हणून आज दोघं हार्डवेअरच्या दुकानात आले होते.

"हा फार चकचकीत. जुन्या गाडीला शोभत नाही," काकांनी बोल्ट दुकानदाराला परत दिला.

"मग काळा घ्या, काका."

"गंजेल."

"पितळी देऊ?"

"मऊ असतो. आटे जातील."

"अहो, बोल्ट निवडताय की जावई?" काकू म्हणाल्या.

"जावई निवडताना केली घाई! टाकी बसली की गाडी तुमची, असा त्यांना शब्द देऊन बसलो."

"संध्याकाळी न्यायला येतायत ते."

"टाकी बसली तर नेतील ना?"

काकांची बोटं डब्यात नुसतीच चाळवाचाळव करत होती. काकूंनी ती पाहिली आणि त्या दुकानदाराकडे वळल्या.

"दादा, ठेवा ते डबे आत. यातला एकही बसणार नाही."

भुर्दंड पडला जावयाला. नवंकोरं हेल्मेट मांडीवर घेऊन तो बसनं परत गेला.