मिलिटरीच्या जीपला भोक

नाही पण तुम्हीच सांगा, माणूस सकाळी गाडी पुसायला वाकतो, पुसता पुसता बोट टेकवतो आणि ते बोट आतच जातं, तर त्यानं करायचं काय? आत म्हणजे कुठे, तर चॅसिसमध्ये! पत्र्यात नाही हो, पत्रा काय, कुणाचाही कुजतो... चॅसिस म्हणजे ज्याच्यावर अख्खी जीप बसलेली असते तो सांगाडा. त्याला भोक. आणि तुम्हाला सांगतो, जीप काय साधीसुधी नाही, आमच्या वडिलांनी, म्हणजे दादांनी, देवळाली कॅम्पच्या लिलावातून उचललेली. मिलिटरीची गाडी आहे ती.

बायको, दीपमाला, दारातून म्हणते, "बोट का चोखताय?" आता लोखंडानं कापलं तर माणूस दुसरं काय चोखणार? आली, वाकून बघितलं आणि अगदी शांतपणे म्हणाली, "द्या भंगारात. तुळशीला ऊन तरी लागेल." भंगारात? अहो, जिनं पेठच्या घाटात चिखलात रुतलेली एसटी ओढून काढली ती भंगारात? आमचे काका म्हणायचे एसटी नव्हती, टेम्पो होता... बरं, टेम्पो तर टेम्पो, ओढला ना? आणि दादांना कोण सांगणार? ते रोज सकाळी चहाच्या आधी, आम्हा दोघांच्या आधारानं का होईना, तिच्या बॉनेटवर हात ठेवून येतात, मग आमच्याशी बोलतात.

दादांना म्हटलं, सर्व्हिसिंगला नेतो. नेली मुस्तकीम मेकॅनिककडे. तो गाडीखाली, बाहेर नुसते पाय, आणि पायच बोलतायत असं वाटावं, "भाऊ, ये तो गेली. फ्रेम बदलून टाका ना, दुसऱ्या जीपची पडून आहे माझ्याकडं." म्हणजे वरून आमची, खालून भलत्याची? चॅसिस नंबर आमच्या फ्रेमवर ठोकलेला, तो गेल्यावर ती आमची राहील का? मिलिटरीची गाडी आहे ती, मुस्तकीम! "मग सडलेलं कापतो, नवी प्लेट मारतो. पर एक बात सांगा, बाकी पूरी फ्रेम टणटणीत, ये एकच कोपरा कसा सडला? इथं रोज पाणी सोडता का काय?"

पाणी? आमच्या गाडीवर? मी छाती काढून सांगणार होतो की धुतल्यावर तिला टॉवेलनं टिपतो आम्ही... आणि तेवढ्यात त्यानं त्या भोकात स्क्रूड्रायव्हर घातला आणि आतून करवंटीचा तुकडा काढला. कुंकवासकट.

दसरा हो, दसरा! लोक नारळ चाकापुढे फोडतात. आमच्या दादांना ते पटत नाही. "चाकापुढं भाड्याच्या गाडीला फोडतात. आपली मिलिटरीची हाय. नारळ तिच्या हाडावरच फोडायचा." म्हणून दर दसऱ्याला बंपरमागं, फ्रेमच्या त्याच कोपऱ्यावर, ठाण्! वर आणि सक्त ताकीद, पूजेचं पाणी पुसायचं नाय. मग जाणार कुठं ते? आत. वर्षानुवर्षं आत. गंजानं आमच्या जीपला हात लावला नव्हता हो, आम्हीच बोलावून, ओवाळून आत घेतला त्याला.

मुस्तकीम म्हणाला, "भाऊ, हसू का?" म्हटलं हस, आणि हसून झालं की प्लेट मार. भंगारवाल्याचा विषय संपला. जिनं इतके नारळ हाडावर झेलले आणि एकदाही हूं की चूं केलं नाही, तिला मी सोडू?

आणली घरी. काळा रंग, पहिल्या सेल्फला सुरू, गल्लीत आवाज असा घुमला की समोरचे लोक गॅलरीत आले. मी इतका फुगलो होतो की सीटबेल्ट असता तर तुटला असता. दीपमाला आरतीचं ताट घेऊन आली, हो, तीच, तुळशीवाली. डोळे पुसत होती, वर म्हणते धूर गेला डोळ्यात. हळूच मला म्हणाली, "नारळ पायरीवर फोडा हं." मी पायरीकडे वळलो...

"पायरीची पूजा हाय का?" खुर्चीतून दादा. ज्यांना उठायला दोन माणसं लागतात ते एकटे उठले, माझ्या हातातून नारळ घेतला आणि ठाण्... मुस्तकीमच्या नव्या वेल्डिंगवर. एका फटक्यात दोन भकलं. "बघ, हलली का जरा तरी? मिलिटरीची हाय." खरं सांगतो, ऊर भरून आला. दीपमालाचा आला, दादांचाही आला.

मी गुपचूप खिशातून रुमाल काढला. "पुसायचं नाय."

ठेवला परत. मग बाजूला जाऊन मुस्तकीमला फोन केला, म्हटलं, त्या प्लेटचा उरलेला तुकडा आहे ना... टाकू नकोस.